रोशनचं कडं

रोशन मोहितकर दुपारी दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी वारला, असं कागदावर आहे. कागदावर म्हणजे मास्तरच्या नोंदीत, आणि चिंचघाटच्या वीजकेंद्रात मास्तरच्या नोंदीला कुणी 'का' म्हणून विचारत नाही. नोंद सांगते की त्याच्या छातीचे ठोके दोन पन्नासपर्यंत चालू होते. जरा वाढलेले, पण ठणठणीत. एक्कावन्नला ते थांबले.

खरं तर तो त्याच्या चाळीस मिनिटं आधीच गेला होता. हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणजे केंद्रातला पाळीप्रमुख प्रफुल झाडे, रोशनच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. चव्वेचाळीस दिवस हा गृहस्थ ही गोष्ट पोटात घेऊन फिरत होता. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण दुसरा शब्द सुचत नाही) त्याला काहीच होत नव्हतं. रडू येत नव्हतं, छातीत धडधडत नव्हतं, झोपसुद्धा लागत होती मेल्याला. ताट समोर आलं की जेवायचा. मीठ कमी की जास्त, ते विचारलं तर सांगता यायचं नाही. दात काढताना डॉक्टर हिरडीत सुई टोचतो आणि मग आपलाच गाल आपला वाटत नाही ना, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

आता हे कसं घडलं ते समजायला आधी मास्तर समजून घ्यावा लागेल.

चिंचघाटचं केंद्र पऱ्हाटीवर चालतं. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. पूर्वी ती चुलीत जायची, नाहीतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून द्यायचे. आता तिचा भुगा करतात, तो भट्टीत जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर चक्र फिरतं आणि वीज निघते. सांगायला सोपं आहे. पण पऱ्हाटी कोळशासारखी एका वळणाची नाही. एका शेतातली कडकडीत वाळलेली, दुसऱ्यातली ओलसर, तिसऱ्यातलीच्या मुळांना अर्धा किलो माती. ओला माल आला की भट्टी रुसायची, माती आली की भट्टीत कीट धरायचं. म्हणून असली केंद्रं पूर्वी महिन्यातले दहा दिवस बंदच असायची. मग मास्तर आला.

कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. तो प्रत्येक पाळीला गुण द्यायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं. कोणत्या शिवारात किती पऱ्हाटी उभी आहे, हे तो उपग्रहातून बघायचा. ट्रॅक्टर फाटकातून शिरता शिरता एक किरण गठ्ठ्यांच्या आरपार जायचा आणि ओल किती, माती किती, सगळं उघडं पडायचं. संध्याकाळी नागपुरात किती कुलर सुरू होतील याचा अंदाज तो सकाळी अकरालाच बांधायचा आणि त्या बेतानं कोणता भुगा कशात मिसळायचा, भट्टीला हवा किती द्यायची, हे दर दोन सेकंदांनी ठरवायचा. अशी चोवीस केंद्रं होती आणि मास्तर सगळीकडे एकच. चिंचघाटला तो जे शिकला ते उरलेल्या तेवीस ठिकाणी त्याला आपोआप येत असे.

माणसांवरही त्याचं लक्ष होतं. प्रत्येकाच्या मनगटावर एक कडं असायचं. माणूस कुठं आहे, ठोके किती, अंग किती तापलं, हे त्या कड्यातून मास्तरला कळायचं. उन्हानं कुणाला भोवळ यायच्या आत मास्तर त्याला सावलीत बसवायचा. खोटं कशाला बोला, दोघांचे जीव त्यानं खरोखर वाचवले होते.

पण घोडं पेंड खायचं ते कोठीत. भुगा साठवायच्या पाच कोठ्या होत्या, चार मजली उंच, सिमेंटच्या. भुगा ओलसर असला की कोठीत कमान धरायची. म्हणजे खालचा माल निघून जायचा आणि वरचा तसाच अधांतरी अडकून राहायचा, घसरायचा म्हणून नाही. नियमानं कोठी बंद करून, आग विझवणाऱ्या वायूच्या नळ्यांना कुलपं घालून, मग माणूस आत पाठवायचा. त्यात चार तास जायचे आणि पाळीचे गुण धडाधड पडायचे. महिन्यात तीनदा गुण पडले की मास्तर वर शिफारस करायचा, की या कामाला माणसाऐवजी यंत्र बसवा. सुरुवातीला साठ माणसं होती, आता एकोणीस उरली होती. मग उरलेल्यांनी काय करावं? त्यांनी गुपचूप कोठीत शिरून, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, हाणून, दहा मिनिटांत कमान पाडायची पद्धत काढली.

त्यात कड्याची अडचण होती. कडं घालून कोठीत गेलं तर मास्तरला कळणार. काढून खुंटीला टांगलं तर ठोके बंद पडून भोंगा वाजणार. म्हणून जाणारा आपलं कडं दुसऱ्याच्या हातात घालून जायचा. "माझं कडं घाल" एवढंच म्हणायचं. काम झालं की कडं परत. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला होता की तंबाखू मागायला जेवढा संकोच वाटतो तेवढाही कुणाला वाटत नसे.

मार्चात अवकाळी पाऊस झाला आणि ओला माल आला. त्या दिवशी दुपारी दोनला रोशन नियंत्रण कक्षात आला.

"भाऊजी, तीन नंबरनं कमान धरली. दहा मिनिटांत येतो."

"हवेच्या टाकीचा मास्क घेऊन जा."

"मास्क घालून सब्बल चालते काय? तुमी बी नं भाऊजी!" हसत हसत त्यानं आपलं कडं काढलं आणि प्रफुलच्या मनगटावर, त्याच्या कड्याच्या वर, चढवलं. जाताना टेबलावरच्या पुड्यातली दोन बिस्किटं उचलली. एकोणतीस वर्षांचा बाप्या, पण बिस्किट दिसलं की लहान व्हायचा.

ओला भुगा नुसता पडून राहिला तरी आतून तापतो. त्यात जंतू वाढतात, त्यांच्या उबेनं माल धुमसायला लागतो. दोन वाजून अकरा मिनिटांनी तीन नंबरच्या कोठीत धुमसण्याचा वायू मास्तरला जाणवला. त्यानं आत कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. रोशन मोहितकर नियंत्रण कक्षात बसला होता, ठोके बहात्तर. आग धरू नये म्हणून मास्तरनं कोठीत नायट्रोजन सोडला. नायट्रोजन काही विष नाही. आपण श्वासात घेतो त्यात बारा आण्यांहून जास्त तोच असतो. तो फक्त प्राणवायूला बाहेर ढकलतो. वास येत नाही, ठसका लागत नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि खाली बसतो.

बाहेर भोंगा वाजला. तो दिवसातून दहादा कशा ना कशासाठी वाजायचा. प्रफुल मोबाइल बघत होता. काम सगळं मास्तर करतो, तर कक्षातल्या माणसानं करायचं काय? कायद्याला एक माणूस खुर्चीत लागतो, म्हणून तो खुर्चीत होता.

अडीचला बायकोचा, ज्योत्स्नाचा, फोन आला. "अहो, रोशन फोन नाही उचलून राहिला. आज इकडंच जेवाले ये म्हणा त्याले. भरीत केलं."

"सांगतो. इथंच आहे तो," प्रफुल म्हणाला. कुणी विचारलं तर असंच म्हणायचं, ही रीतच होती.

पावणेतीन झाले तरी कडं परत न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा त्यानं पडद्याकडे पाहिलं. तीन नंबरसमोर लाल अक्षरं होती. तो मास्क घेऊन धावला. रोशन दारापासून दोन हातांवर पडला होता, तोंड दाराकडे. प्रफुलनं त्याला ओढून बाहेर काढलं. छाती दाबली, तोंडात फुंकर मारली, शिकवलं होतं ते सगळं केलं. अंगावरून कळत होतं की उशीर झालाय. आणि मग त्यानं जे केलं ते त्यानं का केलं, हे त्याला अजूनही सांगता येत नाही. आपल्या मनगटावरचं वरचं कडं काढलं आणि रोशनच्या हातात घातलं. काम झालं की कडं परत करायचं, ही हाताची सवय. हातानं सवयीनं केलं.

नोंद मात्र झाली. मोहितकर आणि झाडे दोन अठ्ठेचाळीसला कक्षातून सोबत धावले. कोठीत सदतीस मिनिटांपासून वायू होता, दारावर लाल दिवा होता. मोहितकर बिनामास्कचा आत शिरला आणि एक्कावन्नला गेला. चौकशीला आलेल्या साहेबांनी प्रफुलला दोनच गोष्टी विचारल्या. रोशन तुमच्या पुढे धावला का? हो. मास्क न घालता? हो. दोन वेळा 'हो' म्हटलं आणि चौकशी संपली. बाकीच्या माणसांना संशय होताच, पण प्रत्येकाच्या मनगटावर कधी ना कधी दुसऱ्याचं कडं चढलेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोण बोलणार? सगळे मूग गिळून बसले.

गावाला मात्र बोलायला बंदी नव्हती. दिवाळीत रोशनची सोयरीक मोडली होती. लाल दिवा दिसत असताना धडधाकट माणूस धावत जाऊन मरतो, म्हणजे काय? लोकांनी दोन अन् दोन चार केले, की पोरानं जाणून जीव दिला. रोशनच्या आईनंही तेच धरलं. तिनं घरात पोराचा फोटो लावू दिला नाही. "ज्यानं मायचा विचार नाही केला, त्याले भिंतीवर कायले टांगू?" म्हणाली, आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

ज्योत्स्ना रोज संध्याकाळी एकच विचारायची. आधी रडून विचारायची, आता साध्या आवाजात, भाजी काय आणू म्हणतात तसं.

"अडीचले तो तुमच्याजवळ होता नं?"

"हो."

"मंग वीस मिनिटांत काय झालं? तुमी त्याले काई बोलले काय? सोयरिकीचं काई काढलं काय?"

"नाही."

"मंग मीच बोलली असन. आदल्या दिवशी म्हटलं होतं मी त्याले, आता तरी मनावर घे म्हणून." आणि ती आदल्या दिवशीचं बोलणं पहिल्यापासून शब्दन्‌शब्द सांगायची. कुठल्या शब्दानं भाऊ गेला ते शोधायची. प्रफुल ऐकायचा. एका वाक्यात हे थांबवता येईल, हे त्याला कळत होतं. ते वाक्य तोंडात यायचं आणि तिथंच बसायचं. आपल्याला हिची दया यायला पाहिजे, असा विचार यायचा. दया येत नव्हती.

चव्वेचाळिसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, नागपूरच्या मुख्य कचेरीतून बोरकुटे मॅडम आल्या. मास्तरला नवे धडे द्यायचे की नाही ते त्या ठरवत. पस्तिशीच्या बाई, बोलायला साध्या. आल्या आल्या त्यांनी प्रफुलचे हात हातात घेतले.

"झाडेभाऊ, तुमच्यावर काय प्रसंग आला ते मला माहीत आहे. म्हणूनच स्वतः आले. मास्तर या घटनेतून एक गोष्ट शिकला. लाल दिवा असतानाही माणूस आत धावतो, म्हणजे दिवा पुरेसा नाही. सोमवारी सकाळी सहापासून नवा नियम. वायू सुटला की कोठीचं दार त्याच क्षणी बंद होईल आणि कुलूप लागेल. वायू निवळेपर्यंत, म्हणजे तीन तास, कुणाला उघडता येणार नाही. चोवीसही केंद्रांत. आम्ही त्याला रोशन नियम म्हणतो."

प्रफुलनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत कोणी असला तर?"

"आत कुणी असला तर मास्तर वायू सोडणारच नाही. कड्यावरून कळतंच ना."

"कडं नसलं तर?"

"कडं नसताना कोठीत माणूस गेल्याची सहा वर्षांत एकही नोंद नाही," मॅडम अगदी खात्रीनं म्हणाल्या. "मी स्वतः तपासलंय. तुम्ही प्रत्यक्ष पाहणारे, म्हणून तुमची सही हवी."

प्रफुलनं सही केली. हो, केली. वाचकहो, त्याला शिव्या घालायच्या असतील तर इथं घाला. त्याला नीट समजलं होतं की आता आतल्या माणसाला दारापर्यंत सरपटत येऊनही उपयोग नाही. समजणं डोक्यात होतं आणि सही हातानं केली. मॅडम शेजारच्या खोलीत आपलं काम करत बसल्या.

अकराच्या सुमाराला शेषराव आला. बावन्न वर्षांचा माणूस, केंद्राच्या पहिल्या दिवसापासूनचा. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि कडं काढलं.

"झाडे, दोन नंबरनं कमान धरली. घाल बरं माझं कडं. हा गेलो अन् हा आलो."

आणि प्रफुलचा हात पुढे झाला. त्यानं केला नाही, झाला. कडं मनगटावर चढलं. ते गरम होतं. उन्हात वावरलेल्या माणसाच्या अंगाचं, घामानं ओलं. चव्वेचाळीस दिवसांत त्याला लागलेली ही पहिली गोष्ट. 

"शेषराव, थांब."

"काय झालं बाप्पा?"

"आत जाऊ नको. इथं दारातच उभा राह्य. हलू नको."

तो तसाच शेजारच्या खोलीत गेला. "मॅडम, पडद्यावर बघा. शेषराव वाघाडे कुठं आहे?"

मॅडमनी पाहिलं. "तुमच्याजवळ. या खोलीत."

"तो तिकडं दारात उभा आहे. बघा." प्रफुलनं मनगट पुढं केलं. दोन कडी. "आता ठोके बघा त्याचे. अन् माझे."

मॅडमनी दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या. दोन रेषांची एक रेष झाली. कुठं केसाइतकाही फरक नाही. त्यांनी शेषरावकडे पाहिलं, कड्यांकडे पाहिलं. हुशार बाई, पुढचं प्रफुलला सांगावं लागलं नाही. त्यांनी मार्चातला तो दिवस काढला. मोहितकर आणि झाडे. दोन वाजून दोन मिनिटांपर्यंत दोन वेगळ्या रेषा, एक तरण्या माणसाची, एक पंचेचाळिशीतल्याची. दोन दोनला त्या एक झाल्या आणि दोन पन्नासपर्यंत एकच राहिल्या.

"हे ठोके तुमचे आहेत," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"आणि वायू दोन अकराला सुटला."

"हो."

मास्तरला हे दिसलं कसं नाही? सोपं आहे. तो प्रत्येकाचे ठोके त्या माणसाच्या कालच्या ठोक्यांशी ताडून बघायचा, शेजारच्याच्या ठोक्यांशी नाही. दोन माणसांचं काळीज एका चालीनं चालेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. जगातली सगळी माहिती त्याला दर दोन सेकंदांनी मिळत होती. माणसं एकमेकांसाठी खोटं बोलतात, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. मॅडमनी तिथल्या तिथं त्याला ते सांगितलं आणि चोवीस केंद्रांच्या सहा वर्षांच्या नोंदी पुन्हा चाळायला लावल्या. चार मिनिटं लागली. एकाच माणसाचे ठोके दोघांच्या नावावर, असं अकराशे सदतीस वेळा झालं होतं.

 प्रफुलनं सही केलेला कागद मॅडमनी उचलला आणि फाडला. "नियम मी थांबवते. पण हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल, झाडेभाऊ. कड्याचं, आणि नंतर ते परत घातल्याचं. तुमच्यावर कारवाई होईल. मी लपवणार नाही."

"उद्या देतो. आधी घरी सांगतो."

"घरी माहीत नाही?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्याच खाली बघायला लागल्या.

घरी ज्योत्स्ना खाली बसून विळीवर भेंडी चिरत होती. तिनं रोजचा प्रश्न विचारायच्या आत प्रफुल खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "अडीचले रोशन माझ्याजवळ नव्हता. मी खोटं सांगितलं होतं तुले."

विळी थांबली. मग त्यानं सगळं सांगितलं. कमान, बिस्किटं, कडं, मोबाइल, दार. काही गाळलं नाही, काही सावरलं नाही. आवाज एकसारखा, बातम्या वाचल्यासारखा. ती मधे एकदाच बोलली.

"मी फोन केला तवा तो..."

"गेला होता."

"म्हणजे तो धावला नाही? लाल दिव्यात?"

"दिवाच नव्हता तवा. तो कामाले गेला होता, ज्योत्स्ना. कमान पाडाले. दहा मिनिटांत येतो म्हणाला."

"म्हणजे त्यानं सोताहून काई नाही केलं."

"नाही."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रफुलला वाटलं, आता ही ओरडेल. पण ती हसली. रडत होती आणि हसत होती, हुश्श करत होती, आणि तशीच उठून तिनं आईला फोन लावला. "आई, ओ आई! आपल्या रोशननं काई नाही केलं वं! कामावर गेला तो! काम करता करता गेला! ट्रंक उघड आई, फोटो काढ त्याचा, आत्ता काढ!" पलीकडून म्हातारीचा हंबरडा प्रफुललाही ऐकू आला. माय-लेकी पाऊण तास रडल्या. इतकं मोकळं रडणं त्या घरात मार्चापासून झालं नव्हतं.

फोन ठेवून ज्योत्स्ना परत खाली बसली. अर्धी भेंडी चिरायची राहिली होती, ती तिनं चिरून टाकली. मग म्हणाली, "कडं घातलं म्हणून मी तुमाले काई नाही म्हणत. सारेच घालतात. त्यानंही तुमचं घातलं असन कधी."

"घातलं होतं."

"भोंगा ऐकू आला, पाहिलं नाही, तेही चुकलं. चुकते माणूस." ती थांबली. तिचा आवाज आत्ता कुठं बदलत होता. "पण मी तुमाले रोज विचारत होती. रोज. मायाच बोलण्यानं भाऊ मेला समजून मी तडफडून राहिली होती, अन् तुमी समोर बसून ऐकून राहिले होते. जेवत होते."

"मले काई वाटतच नव्हतं, ज्योत्स्ना. खरं सांगतो. काईच नव्हतं वाटत."

"मले वाटत होतं नं," ती म्हणाली.

 तिनं भाजी टाकली, पोळ्या केल्या, त्याचं ताट वाढलं आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन पडली. प्रफुलनं घास तोंडात घातला. भाजी खारट होती. इतकी खारट की गिळवेना. तो ताटावर बसून राहिला. रोशन दाराकडे तोंड करून पडला होता, हे त्याला त्या ताटावर समजलं. चव्वेचाळीस दिवस ते फक्त माहीत होतं.

रविवारी सकाळी ती तयार होऊन दारात उभी होती, हातात पिशवी. "तुमी लिहान ते मायासमोर लिहा," म्हणाली.

बोरकुटे मॅडमच्या समोर बसून त्यानं दोन पानं लिहिली. अक्षर वाकडं येत होतं. ज्योत्स्नानं ती पानं घेऊन ओळ न् ओळ वाचली. एका ठिकाणी बोट ठेवलं. "'सव्वादोनच्या सुमारास' नको. सुमारास बिमारास काई नाही. मॅडम, गॅस किती वाजता सोडला?"

"दोन अकरा."

"मंग तेच लिहा."

त्यानं खोडून तसं लिहिलं. मॅडमनी त्याच्यासमोर मास्तरच्या नोंदीतली वेळ बदलली.

तिथून ती सरळ एसटी स्टँडवर गेली. आईकडे, हिवऱ्याला. तो सोबत चालत गेला, तिनं नको म्हटलं नाही. ऊन मी म्हणत होतं. चपलेतून तळपाय भाजत होते, घसा कोरडा पडला होता. त्याला तिला थांबवायचं होतं. तिच्या पाया पडायचं होतं. ओरडून रडायचं होतं. चव्वेचाळीस दिवसांत जे जे व्हायला हवं होतं ते सगळं आता, एसटी लागल्यावर, होत होतं.

ती चढली. खिडकीशी जागा मिळाली. तो खाली खिडकीचा गज धरून उभा राहिला.

"कधी येशील?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. विचार केला खरोखर, किती दिवस ते मोजून पाहावं तसा.

"मले माहीत नाही," ती म्हणाली. "तुमच्यासारखं उगाच 'इथंच आहे' म्हणून काऊन सांगू?"

कंडक्टरनं घंटी मारली. प्रफुलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यानं गज सोडला आणि तेवढ्यात गाडी निघाली.